छातीची भिंत आणि तिच्या आतले घर



जयपूरच्या जुन्या शहराला तेथील रहिवासी 'चारदीवारी' या नावाने ओळखतात. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ साली या नगरीचा पाया घातला. विद्याधर भट्टाचार्य यांनी तिची आखणी केली, आणि चौकोनी भागांत विभागलेल्या त्या वस्तीभोवती दरवाजांसह तट उभा राहिला. कोणत्याही तटाकडे दोन कामे असतात. तो आतल्या वस्तीचे रक्षण करतो आणि त्याच वेळी तिला किती जागा मिळावी हेही ठरवून टाकतो. मानवी छातीच्या भिंतीविषयी नेमके हेच म्हणता येते. मागे पाठीचा कणा, समोर उरोस्थी, बरगड्यांच्या बारा जोड्या, बरगड्यांच्या टोकांच्या लवचीक कूर्चा आणि त्यांमधील स्नायू मिळून ही भिंत बनते. तिच्या आत हृदय आणि फुप्फुसे यांची वस्ती आहे. भेद एवढाच की दगडी तट जागचा हलत नाही, आणि छातीची भिंत मात्र दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा वर उचलली जाते व खाली येते.

जुन्या भिंतीला फुगवटा आला, तर जाणता गवंडी वरून गिलावा करून मोकळा होत नाही. पाया खचला आहे काय, ओल कोठून झिरपते, तुळईचा भार कोणत्या बाजूस येतो, हे तो आधी पाहतो. छातीच्या भिंतीला बाक किंवा खळगा आला असता मात्र हा साधा विचार बहुधा होत नाही. आईवडील लाजतात, शेजारी थट्टा करतात, मुलगा सदरा काढेनासा होतो, आणि सल्ला मिळतो तो एवढाच, की त्याला तालमीत घाला, जोरबैठका काढू द्या, छाती आपोआप भरून येईल. या व्याख्यानाचा विषय छातीचा बाह्य आकार हा नसून त्या आकाराबरोबर शरीरात आणखी काय असू शकते, हा आहे. पुष्कळांच्या बाबतीत छातीच्या आकाराव्यतिरिक्त दुसरे काहीच नसते. काहींच्या बाबतीत मात्र जे असते ते वेळीच ओळखले तर प्राण वाचतात.

प्रथम या व्यंगाचे प्रकार पाहू. सर्वांत अधिक आढळणारा प्रकार खोलगट छातीचा होय. यात उरोस्थीचा खालचा भाग आत ओढला जातो आणि छातीच्या मध्यभागी द्रोणासारखा खळगा पडतो. पाश्चात्त्य देशांतील गणनेनुसार सुमारे तीनशे ते चारशे जन्मांमागे एका बालकात तो दिसतो, आणि मुलींपेक्षा मुलांत त्याचे प्रमाण कित्येक पट अधिक आहे. दुसरा प्रकार याच्या नेमका उलट. त्यात उरोस्थी पुढे येते आणि छाती कबुतराच्या छातीसारखी दिसते. दोन्ही प्रकारांत बरगड्यांच्या कूर्चांची वाढ बिघडलेली असते. व्यंग लहानपणी सौम्य असते, आणि वयात येताना उंची झपाट्याने वाढू लागली की ते एकाएकी नजरेत भरू लागते. अनेक कुटुंबांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आढळते.

युरोपात खोलगट छातीला एके काळी 'चांभाराची छाती' म्हणत. जोडे शिवणारा कारागीर लाकडी कलबूत छातीशी दाबून धरतो, म्हणून त्याच्या छातीला खळगा पडतो, अशी समजूत होती. चारदीवारीतील रामगंज बाजारात आजही मोजड्या शिवणारे कारागीर बसतात. त्यांच्याकडे बोट दाखवून हेच अनुमान कोणीही काढू शकेल. तथापि जे व्यंग बहुधा जन्मतः अथवा बालवयातच सुरू होते, त्याचा दोष धंद्यावर टाकणे सयुक्तिक नाही. या नावाने दोन प्रकारे हानी केली. एका कष्टकरी वर्गावर विनाकारण शिक्का बसला, आणि कारण सापडलेच आहे अशा भ्रमात खऱ्या कारणाचा शोध लांबणीवर पडला. व्याधीला नाव मिळाले म्हणजे तिचे कारण समजले, असा समज वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा नडला आहे.

खळग्याचा स्वतःचा परिणाम काय होतो? सौम्य असल्यास काहीच होत नाही. असा माणूस धावतो, पोहतो, दीर्घायुषी होतो. खळगा खोल असेल तर हृदय डावीकडे सरकते आणि त्याच्या उजव्या कप्प्यांवर दाब येतो. विश्रांतीच्या वेळी ते जाणवत नाही, पण जिना चढताना किंवा खेळताना हृदयाला पुरेसे रक्त भरून घेता येत नाही आणि दम लवकर लागतो. अशा माणसाच्या छातीची क्ष-किरण प्रतिमाही फसवी असते. हृदयाची उजवी कड पुसट दिसते, आणि तेथे न्यूमोनिया असावा असा भास होऊ शकतो. विद्युत्‌हृद्‌लेखातही स्थानबदलामुळे फरक पडतो. म्हणून अशा व्यक्तीने आपल्या छातीच्या रचनेविषयी प्रत्येक नव्या डॉक्टरला आणि विशेषतः भूल देणाऱ्या तज्ज्ञाला आधी सांगणे हिताचे ठरते.

आता मुख्य विषयाकडे वळू. छातीच्या व्यंगाबरोबर ज्या अन्य व्याधी दिसतात, त्यांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात व्यंग आणि व्याधी ही एकाच मुळाची दोन फळे असतात. दुसऱ्या गटात व्याधी आधी येते आणि छातीचे व्यंग हा तिचा परिणाम असतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

पहिल्या गटातील सर्वांत महत्त्वाची व्याधी म्हणजे मार्फान विकार. आंत्वान मार्फान या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने १८९६ साली पॅरिसमध्ये एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. तिचे हातपाय आणि बोटे विलक्षण लांब व सडपातळ होती. पुढे या वर्णनात भर पडत गेली आणि १९९१ साली विकाराचे मूळ सापडले. शरीरातील अवयवांना बांधून ठेवणारे जे संयोजी ऊतक असते, त्यातील फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. हे ऊतक सर्वत्र असल्यामुळे दोषही सर्वत्र प्रकटतो. बरगड्यांच्या कूर्चा वाजवीपेक्षा अधिक वाढून छाती आत जाते किंवा पुढे येते. कण्याला बाक येतो. डोळ्यातील नेत्रभिंग जागेवरून सरकते. हृदयाची द्विदल झडप सैल पडते. फुप्फुसाला छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा शिरते. या सर्वांहून घातक गोष्ट ही, की हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची भिंत हळूहळू ताणली जाते आणि एखाद्या दिवशी फाटते. साधारणपणे पाच हजारांत एका व्यक्तीला हा विकार असतो, आणि त्यांतील बहुसंख्य व्यक्तींच्या छातीत कमी-अधिक व्यंग आढळते. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत मात्र घराण्यात कोणालाच तो नसताना तो नव्याने उद्‌भवतो.

फ्लो हायमन या अमेरिकन व्हॉलीबॉलपटूचे उदाहरण जगाच्या स्मरणात राहिले आहे. १९८४ सालच्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात ही साडेसहा फुटांच्या जवळपास उंचीची खेळाडू होती. तिची उंची आणि लांब हात हे तिचे सामर्थ्य मानले जाई. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधील मात्सुए येथे सामना चालू असताना बाकावर बसलेली असता ती कोसळली आणि मरण पावली. तेव्हा तिचे वय ३१ वर्षांचे होते. शवविच्छेदनात महारोहिणी फाटल्याचे आणि मार्फान विकार असल्याचे निष्पन्न झाले. इतकी वर्षे ज्या शरीराचे कौतुक झाले, त्याकडे रोगाच्या दृष्टीने कोणी पाहिलेच नव्हते. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार आढळला आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली. एका मृत्यूने दिलेली सूचना कुटुंबातील दुसऱ्याच्या उपयोगी पडली.

ही सूचना किती मोलाची आहे हे आकड्यांतूनही दिसते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मार्फान विकाराने मृत्यू पावलेल्या रुग्णांचे मृत्युसमयीचे सरासरी वय ३२ वर्षे होते. त्यानंतर प्रतिध्वनिचित्रणाने महारोहिणीची रुंदी मोजता येऊ लागली, तिच्यावरील ताण कमी करणारी औषधे आली, आणि १९६८ साली बेंटॉल यांनी वर्णन केलेल्या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला. फाटण्यापूर्वीच महारोहिणीचा तो भाग बदलणे शक्य झाले. आज वेळेवर निदान झालेल्या रुग्णांचे आयुष्य इतरांच्या जवळपास पोहोचले आहे. 'वेळेवर निदान झालेल्या' हे शब्द येथे विसरता कामा नयेत.

या विकाराचा संशय घेण्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नसते. दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. ते उंचीपेक्षा ठळकपणे अधिक भरले तर पुढे पाहावे. अंगठा तळहातावर घेऊन मूठ मिटावी. अंगठ्याचे टोक करंगळीच्या बाजूने मुठीबाहेर डोकावते काय, हे बघावे. एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरावे. अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढतात काय, हे बघावे. डोळ्यांना लहानपणीच जाड भिंगांचा चष्मा लागला आहे काय, आणि घराण्यात कोणी तरुणपणी अचानक मरण पावले आहे काय, हे विचारावे. यांतील एकही खूण एकटीने निर्णायक नाही. खोलगट छातीबरोबर त्यांतील दोन-तीन एकत्र आल्या तर हृदयाचे प्रतिध्वनिचित्रण आणि नेत्रतपासणी करून घेणे अवश्य आहे. तालमीच्या सल्ल्यातील धोका येथे स्पष्ट होतो. सामान्य मुलाला व्यायाम हितकर आहे, परंतु ज्याची महारोहिणी ताणलेली आहे, त्याला जड वजने उचलणे, कुस्ती खेळणे किंवा श्वास रोखून जोर करणे जिवावर बेतू शकते. अशा विकाराच्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच तज्ज्ञाचा सल्ला घेतला पाहिजे, कारण गरोदरपणात आणि प्रसूतीच्या सुमारास महारोहिणीवरील भार वाढतो.

याच गटातील आणखी दोन विकार सांगण्याजोगे आहेत. अमेरिकेतील डॉक्टर जॅकलीन नूनन यांनी १९६३ साली एका विकाराचे वर्णन केले. त्यात उरोस्थीचा वरचा भाग पुढे आणि खालचा भाग आत, असा मिश्र आकार दिसतो. मूल ठेंगणे असते, मान रुंद असते, आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तमार्गाची झडप अरुंद असते. काहींमध्ये रक्तस्रावाची प्रवृत्तीही आढळते. ती आधी ठाऊक नसल्यास दात काढण्यासारखी छोटी शस्त्रक्रियाही अडचणीत आणू शकते. दुसरा विकार आल्फ्रेड पोलंड यांनी १८४१ साली लंडनमध्ये, विद्यार्थिदशेत असताना, नोंदवला. त्यात छातीचा मोठा स्नायू एका बाजूस नसतोच, आणि त्याच बाजूच्या हाताची बोटे आखूड किंवा जुळलेली असतात. छातीकडे पाहताना हाताकडेही पाहावे, आणि हाताच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या मुलाचा सदरा काढून त्याची छातीही पाहावी, हा यातून निघणारा धडा आहे.

पाठीचा कणा या दोन्ही गटांच्या सीमेवर उभा आहे. छातीचे व्यंग असलेल्यांत कण्याचा बाजूचा बाक इतरांपेक्षा अधिक प्रमाणात दिसतो. तो लहान वयात सुरू होऊन वाढत गेला तर बरगड्या एका बाजूस दाटतात, फुप्फुसांची वाढ खुंटते, आणि पुढे झोपेत श्वास अपुरा पडू लागतो. सकाळी उठताच डोके जड होणे, दिवसा पेंग येणे, पायांवर सूज येणे, ही त्याची लक्षणे होत. मणक्यांच्या क्षयाने आलेल्या कुबडाचीही हीच परिणती होऊ शकते. क्षय बरा झाला तरी छातीची बिघडलेली रचना तशीच राहते, आणि तिचे मोल पुष्कळ वर्षांनी चुकवावे लागते.

आता दुसरा गट. यात छातीचे व्यंग हा दूरच्या कारणाचा ठसा असतो. मूल रात्रंदिवस तोंडाने श्वास घेते, मोठ्याने घोरते आणि श्वास ओढताना त्याच्या छातीचा खालचा भाग आत जातो; अशा वेळी नाकामागच्या ग्रंथी किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात. दीर्घकाळच्या दम्याने छाती पिंपासारखी गोल होते. जन्मजात हृदयविकाराने हृदय मोठे झाल्यास बाळाच्या कोवळ्या बरगड्या डावीकडे उचलल्या जातात. परंतु या गटातील सर्वांत जुनी, सर्वांत व्यापक आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगी व्याधी म्हणजे मुडदूस. तिची कथा आपल्याला पुन्हा तटबंदीच्या शहरांकडे नेते.

मुडदुसात हाडांना पुरेसा चुना मिळत नाही आणि ती मऊ राहतात. श्वासपटल दर श्वासाबरोबर बरगड्यांना आत ओढते. हाडे कणखर असतील तर ती हा ताण सोसतात, मऊ असतील तर वाकतात. मग छातीच्या खालच्या भागात आडवी खाच पडते, उरोस्थी पुढे येते, आणि बरगड्यांच्या टोकांशी गाठी येऊन छातीवर जणू जपमाळ दिसू लागते. हे चिन्ह पाहून छातीवर थांबणे ही घोडचूक होय. त्याच मुलाचे पाय वाकलेले असतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, आणि रक्तातील कॅल्शियम घसरल्यास झटकेही येतात. मऊ छातीला जोराने खोकता येत नाही, म्हणून फुप्फुसे साफ होत नाहीत. इथिओपियात केलेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया झालेल्या मुलांमध्ये मुडदुसाची शक्यता इतर मुलांच्या मानाने सुमारे तेरा पट आढळली. मुलगी असेल तर संकट आणखी लांबते. तिच्या कटिराची हाडेही वाकतात, आणि वीस वर्षांनी प्रसूतीच्या वेळी बाळाला वाट मिळत नाही. प्रौढ स्त्रीत याच अभावाने हाडे मऊ होतात. त्याला अस्थिमार्दव म्हणतात.

मुडदुसाचे कारण शोधताना विज्ञान बराच काळ चाचपडत होते. कोणी अन्नाला दोष दिला, कोणी कोंदट हवेला, कोणी वंशाला. जपानमध्ये काम केलेल्या थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टराने १८९० साली निरनिराळ्या देशांतील परिस्थिती ताडून पाहिली आणि सूर्यप्रकाशाचा अभाव हे कारण असल्याचे मांडले. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशाने मुडदूस बरा होतो हे दाखवले, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मेलनबी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून माशाच्या तेलाचा गुण सिद्ध केला. १९२२ पर्यंत 'ड' जीवनसत्त्वाची ओळख पटली होती. अन्नातून मिळणारा आणि उन्हाने कातडीत तयार होणारा पदार्थ एकाच कामाचा आहे, हे उमगल्यावर वाद शमला.

या शोधात महाराष्ट्राचा वाटा आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. १९२२ साली हचिसन आणि शहा या डॉक्टरांची नाशिक शहरातील पाहणी प्रसिद्ध झाली. उन्हाचा प्रदेश, मग मुडदूस कसा, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यांना आढळले ते असे, की बाहेर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांत, त्यांचे अन्न निकृष्ट असूनही, हा रोग क्वचित दिसे. उलट ज्या सुखवस्तू घराण्यांत पडदा पाळला जाई, तेथे तो स्त्रियांत आणि मुलांत दिसे. दूधदुभते ज्या घरी होते, त्याच घरी हाडे मऊ होती. गोदाकाठचे ऊन भिंतीच्या पलीकडे पडत होते. काश्मीरमध्ये स्त्रियांच्या रुग्णालयात काम केलेल्या कॅथलीन वॉन यांनी १९२८ साली पडदापद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिले, आणि वाकलेल्या कटिरामुळे बाळंतपणात स्त्रिया कशा दगावतात, याचे कारण प्रकाशाच्या अभावात असल्याचे सांगितले.

जयपूरच्या चारदीवारीकडे या दृष्टीने पाहावे. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी बांधलेला हवामहल त्याच्या शेकडो झरोक्यांसाठी प्रसिद्ध आहे. राजघराण्यातील स्त्रियांना स्वतः न दिसता रस्त्यावरील मिरवणुका पाहता याव्यात, यासाठी ती योजना होती. वारा तेथून आत येतो, दृष्टी बाहेर जाते. पण दगडी जाळीतून अंगावर पडणारे ऊन अगदी तोकडे असते. रंगीत काचेच्या तावदानातून येणारा प्रकाश सुंदर असला तरी ज्या किरणांनी 'ड' जीवनसत्त्व तयार होते, ते किरण काच अडवून धरते. त्याच शहरातील हवेल्यांच्या रचनेत मात्र उतारा दडलेला होता. मधला उघडा चौक आणि वरची गच्ची या दोन जागी पडद्यातील स्त्रीलाही आकाश मिळू शकत होते. ज्या घरात चौक मोकळा राहिला, तेथे ऊन राहिले. ज्या घरात वाटण्या होऊन चौक बांधून काढला गेला, तेथे तेही गेले. मुंबईच्या चाळीतील किंवा आजच्या बंद सदनिकेतील मूलही याच न्यायाने उन्हाला पारखे होते. पडद्याची चाल विरळ झाली, तरी भिंती उरल्या आहेत. सावळ्या कातडीला अधिक वेळ ऊन लागते, धुळीची व धुराची पटले ते आणखी कमी करतात, आणि केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला आईच्या दुधातून हे जीवनसत्त्व फार थोडे मिळते. म्हणूनच भारतातील बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० एकक 'ड' जीवनसत्त्व देण्याची शिफारस करतात.

१९४३ साली महाराणी गायत्रीदेवी यांनी जयपुरात मुलींसाठी शाळा सुरू केली, ती पडद्यात वाढणाऱ्या मुलींना बाहेर आणण्याच्या हेतूने. त्या शाळेचा गौरव शिक्षणाच्या इतिहासात होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु जी मुलगी रोज मोकळ्या मैदानात उतरते, तिला अक्षरांबरोबर ऊनही मिळते, याची नोंद आरोग्याच्या इतिहासानेही घेतली पाहिजे.

तटाबाहेरच्या खेड्यांत मात्र वेगळेच संकट आहे. तेथे उन्हाला तोटा नाही, पण राजस्थानच्या अनेक भागांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेल्यावर कणा ताठरतो, बरगड्यांचे सांधे जखडतात, आणि छातीची भिंत हलेनाशी होते. श्वासाचा सारा भार श्वासपटलावर येतो. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावे या संकटाशी परिचित आहेत. अशा माणसाच्या छातीवर औषध शोधत बसण्यापेक्षा त्याच्या गावचे पाणी तपासणे अधिक फलदायी ठरते.

उपचारांविषयी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. केवळ व्यंग असेल आणि अन्य काही नसेल, तर बहुतेकांना उपचारांची गरज पडत नाही. पुढे आलेल्या छातीला वाढत्या वयात, कूर्चा लवचीक असताना, पट्टा बांधून दाब दिल्यास ती पुष्कळशी सपाट होते. त्यासाठी मात्र महिनोन्‌महिने चिकाटी लागते. खोल खळग्यासाठी १९४९ साली रॅविच यांनी विकृत कूर्चा काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली. नस यांनी १९८७ साली प्रथम केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत लहान छेदांतून वाकवलेली धातूची पट्टी उरोस्थीखाली सरकवतात व काही वर्षांनी ती काढून घेतात. मुडदुसाच्या छातीला मात्र सुरी लावण्याआधी 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिले पाहिजे. मूल लहान असेल तर वाकलेली हाडे वाढीबरोबर बरीचशी सरळ होतात. मार्फान विकार असलेल्याच्या बाबतीत छातीच्या आधी महारोहिणीचा विचार करावा लागतो. मूळ कारण ठरल्याशिवाय उपचारांचा क्रम ठरत नाही.

मनाचाही विचार व्हावा. पोहायला न जाणारा, वर्गमित्रांसमोर कपडे न बदलणारा, खांदे पुढे पाडून चालणारा मुलगा हळूहळू एकलकोंडा होतो. खांदे पाडण्याने कण्याचा बाक वाढतो, आणि लपवण्याच्या सवयीने तपासणीही टळते. व्यंगाची लाज ही अशा रीतीने स्वतःच एक व्याधी बनते. घरातील वडीलधाऱ्यांनी थट्टा थांबवली, तरी निम्मे काम होते.

या सर्व विवेचनाचा व्यवहारातील अर्थ फार खर्चाचा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी करावी, ही त्यामागील योजना आहे. मुडदूस आणि जन्मजात हृदयविकार यांचा तिच्या यादीत समावेश आहे. अशा तपासणीच्या दिवशी मुलाचा सदरा काढून त्याला समोरून, बाजूने आणि पाठीमागून पाहावे; पुढे वाकवून कणा पाहावा; उंची आणि हातांचा पसारा मोजावा; हृदयाचे ठोके ऐकावेत; डोळे, दात, हात आणि पाय नजरेखालून घालावेत; घराण्यातील अकाली मृत्यूंची चौकशी करावी; आणि मूल दिवसातून किती वेळ उन्हात असते हे आईला विचारावे. या कामाला एका मुलामागे दहा मिनिटे पुरतात. त्यांतील बहुतेक मुलांना निर्धास्तपणे खेळायला पाठवता येईल. एखाद्याला मात्र पुढच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी लागेल, आणि ती चिठ्ठी घरी पोहोचली की नाही, याचा पाठपुरावा शाळेनेच केला पाहिजे.